पत आणि अब्रू

ज्या घरातला मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत आहे, त्या घराच्या कपाटात एखादी दहा डॉलरची नोट हमखास सापडते. सुट्टीवर आलेल्या मामाच्या पाकिटातून भाच्यांनी मागून घेतलेली आणि कुठल्या तरी पुस्तकात जपून ठेवलेली. त्या नोटेवरचा तरतरीत, देखणा माणूस कोण, असे विचारले तर बहुतेक जण अमेरिकेचा कुठला तरी जुना अध्यक्ष असावा, असे सांगून मोकळे होतात. तो अध्यक्ष नव्हता. अमेरिकेच्या सध्याच्या नोटांवर कधीच अध्यक्ष न झालेल्यांचे दोनच चेहरे आहेत. शंभराच्या नोटेवर बेंजामिन फ्रँकलिन आणि दहाच्या नोटेवर अलेक्झांडर हॅमिल्टन, म्हणजे अमेरिकेचा पहिला अर्थमंत्री.

अलीकडे अमेरिकेच्या राजकारणाच्या बातम्या वाचताना हा माणूस वारंवार आठवतो. सरकारने आणखी कर्ज काढायचे की नाही, यावरून तिथल्या संसदेत, म्हणजे काँग्रेसमध्ये, वर्षानुवर्षे ताणाताणी चाललेली असते. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात खर्चाला मंजुरी नाही म्हणून सरकारी कारभाराचा मोठा भाग ४३ दिवस ठप्प झाला. त्याच वर्षी आयात मालावरच्या जकातीचे नगारे वाजले. भारतीय मालावर ऑगस्टमध्ये ५० टक्के जकात लागली आणि मुंबईतल्या हिरे-दागिन्यांच्या निर्यातदारांच्या तोंडचे पाणी पळाले. अध्यक्ष ट्रम्प यांनी त्याच महिन्यात फेडरल रिझर्व्ह या मध्यवर्ती बँकेच्या संचालक मंडळातल्या एका सदस्याला काढत असल्याचे जाहीर केले आणि ते प्रकरण कोर्टात गेले. या साऱ्या भांडणांची मुळे शोधत मागे मागे गेले की आपण हॅमिल्टनच्या मेजापाशी येऊन थांबतो. जकातीच्या उत्पन्नावर सरकार चालवण्याची घडी त्याने बसवली, राष्ट्राच्या कर्जाची व्यवस्था त्याने लावली आणि सरकारला एक बँक हवी, हा आग्रहही त्याचाच.

आपल्या मराठीत पत आणि अब्रू असे दोन शब्द आहेत. बोलताना आपण ते एकाच अर्थाने वापरतो. पण बँकेच्या कर्ज-विभागात उमेदीची वर्षे घालवलेल्या माझ्यासारख्या माणसाला त्यांतला फरक ठाऊक असतो. अब्रू म्हणजे लोक आपल्याबद्दल काय बोलतात ते. पत म्हणजे आपण शब्द पाळू, यावर परक्या माणसाने टाकलेला विश्वास. अब्रूदार घराण्यातला माणूस हप्ते थकवतो आणि ज्याच्याबद्दल गाव नाही नाही ते बोलते, तो तारखेला पैसे भरून जातो, हे बँकेच्या खिडकीमागे बसलेल्या प्रत्येकाने पाहिलेले असते. हॅमिल्टनचे सारे आयुष्य या दोन शब्दांच्या ओढाताणीत गेले.

बेटावरचा पोरका कारकून

कॅरिबियन समुद्रातल्या नेव्हिस नावाच्या चिमुकल्या बेटावर त्याचा जन्म झाला. साल १७५५ की १७५७, याबद्दल एकवाक्यता नाही. त्याची आई रेचेल हिचे आधी एक लग्न झाले होते. त्या नवऱ्याने तिच्यावर व्यभिचाराचा आरोप ठेवून तिला तुरुंगात घातले होते. सुटका झाल्यावर ती जेम्स हॅमिल्टन या स्कॉटिश माणसाबरोबर राहू लागली. त्यांना दोन मुले झाली. आई-बापांचे लग्न झालेले नव्हते, त्यामुळे कायद्याच्या लेखी ही मुले अनौरस ठरली. १७६५ च्या सुमारास कुटुंब सेंट क्रॉय बेटावर आले आणि बाप त्यांना सोडून निघून गेला. आई छोटेसे दुकान चालवून मुलांना वाढवत होती. १७६८ मध्ये ज्वराची साथ आली, आई आणि अलेक्झांडर दोघेही अंथरुणाला खिळले. मुलगा वाचला, आई गेली.

तिची जी काही चीजवस्तू होती, ती कोर्टाने पहिल्या नवऱ्यापासून झालेल्या मुलाला दिली. पुस्तके तेवढी एका सहृदय माणसाने लिलावात विकत घेऊन या पोरांना परत केली. ज्या चुलत नात्यातल्या माणसाने त्यांना आधार दिला, त्यानेही पुढच्याच वर्षी आत्महत्या केली. अब्रू हा शब्द कळण्याच्या वयाआधीच या मुलाची अब्रू समाजाने काढून घेतली होती.

तो एका आयात-निर्यातीच्या पेढीवर कारकून म्हणून लागला. ऊस, साखर, लाकूड, खेचरे यांचा व्यापार आणि त्याखाली गुलामांच्या कष्टांचा पाया, असे ते बेट होते. १७७१ मध्ये मालक आजारपणामुळे काही महिने परगावी गेला आणि पेढीचा कारभार या पोरसवदा कारकुनावर सोपवून गेला. जहाजांच्या कप्तानांना सूचना, थकलेल्या येण्याचा तगादा, निरनिराळ्या देशांच्या नाण्यांचे हिशेब, हे सारे त्याने चोख केले. पुढे ज्याने एका देशाचे खातेपुस्तक लिहिले, त्याची शिकवणी ही अशी झाली.

१७७२ च्या ऑगस्टअखेर बेटावर भयंकर चक्रीवादळ आले. त्या रात्रीचे वर्णन करणारे त्याचे एक पत्र स्थानिक वृत्तपत्रात छापून आले. ते वाचून गावातल्या जाणत्यांनी वर्गणी गोळा केली आणि या मुलाला शिकण्यासाठी अमेरिकेत पाठवले. न्यूयॉर्कच्या किंग्ज कॉलेजात, म्हणजे आजच्या कोलंबिया विद्यापीठात, तो दाखल झाला. तेवढ्यात इंग्रजांविरुद्ध युद्ध पेटले. तो तोफखान्याचा कप्तान झाला आणि १७७७ पासून जॉर्ज वॉशिंग्टनचा साहाय्यक. सेनापतीचा पत्रव्यवहार सांभाळताना त्याने जवळून पाहिले की, लढाई बंदुकीने जिंकतात, पण बंदूक पैशाने येते. सैनिकांच्या पायांत जोडे नाहीत, पगार महिनोन् महिने थकलेला आणि कागदी चलनाला कुणी विचारत नाही. १७८० मध्ये न्यूयॉर्कमधल्या श्रीमंत शायलर घराण्यातल्या एलायझा या मुलीशी त्याचे लग्न झाले. पुढच्या वर्षी यॉर्कटाउनच्या निर्णायक लढाईत त्याने एका बुरुजावरच्या हल्ल्याचे नेतृत्व केले. १७८७ मध्ये फिलाडेल्फियाला राज्यघटना तयार झाली. ती लोकांनी स्वीकारावी म्हणून वृत्तपत्रांतून ८५ लेखांची मालिका निघाली, त्यांतले ५१ लेख एकट्या हॅमिल्टनचे.

नोट ज्याच्या हाती, त्याची

सप्टेंबर १७८९ मध्ये तो अर्थमंत्री झाला तेव्हा तिजोरीत खडखडाट होता. केंद्राचे कर्ज सुमारे ५ कोटी ४० लाख डॉलर आणि घटक राज्यांचे मिळून आणखी अंदाजे अडीच कोटी. नव्या राष्ट्राने हात वर करावेत, असे म्हणणारे पुष्कळ होते. हॅमिल्टनने जानेवारी १७९० मध्ये काँग्रेसपुढे अहवाल ठेवला. त्याचा सारांश असा की, परदेशी सावकारांचे देणे शब्दाप्रमाणे फेडायचे, देशातल्या धनकोंना जुन्या कागदांच्या बदल्यात नवे रोखे द्यायचे, युद्धापायी राज्यांनी काढलेले कर्जही केंद्राने अंगावर घ्यायचे आणि व्याज ठरल्या दिवशी द्यायचे.

यातच एक जीवघेणा प्रश्न दडलेला होता. युद्धात सैनिकांना पगाराऐवजी सरकारी कागद दिले गेले होते. घरी चूल पेटायची तर ते कागद विकण्यावाचून इलाज नव्हता. कित्येकांनी ते डॉलरला पंधरा-वीस सेंट अशा मातीमोल भावाने सटोडियांना विकले. आता सरकार पूर्ण किंमत देणार म्हणजे मलिदा सटोडियांचा आणि रक्त सैनिकांचे. जेम्स मॅडिसन या हॅमिल्टनच्याच जुन्या सहकाऱ्याने सुचवले की, मूळ सैनिकालाही त्याचा वाटा मिळावा. कुणाच्याही मनाला पटेल अशीच ही सूचना. हॅमिल्टनने ती नाकारली. कागद ज्याच्या हाती, पैसे त्याचे, यावर तो ठाम राहिला. आपण दुकानात नोट दिली तर ती आधी कुणाच्या खिशात होती, हे दुकानदार विचारत नाही. विचारू लागला तर त्या दिवसापासून नोट ही नोट राहत नाही. आधीचा व्यवहार सरकार मागाहून दयेपोटी का होईना मोडू शकते, असे एकदा दिसले की पुढे त्या सरकारच्या कागदावर कुणी पैसे देणार नाही, हे त्याचे गणित होते. काँग्रेसने मॅडिसनची सूचना ३६ विरुद्ध १३ मतांनी फेटाळली.

हे गणित बरोबर होते, पण त्याची किंमत गरिबाने मोजली, हेही लिहून ठेवले पाहिजे. कर्जवसुलीच्या नोटिसांवर सही करणाऱ्या कुठल्याही अधिकाऱ्याला हा पेच नवा नाही. नियम सर्वांना सारखा लावला की त्याखाली कुणीतरी चिरडला जातोच, आणि माणूस पाहून नियम वाकवला तर उद्या बँकच उरत नाही.

राज्यांचे कर्ज केंद्राने घेण्याला दक्षिणेचा विरोध होता. १७९० च्या जूनमध्ये थॉमस जेफरसनच्या घरी जेवणाच्या मेजावर तडजोड झाली. राजधानी दक्षिणेकडे पोटोमॅक नदीकाठी न्यायची आणि बदल्यात कर्जाची योजना मंजूर करायची. आजचे वॉशिंग्टन शहर त्या पंगतीतून उभे राहिले. पुढच्या वर्षी एक कोटी डॉलर भांडवलाची आणि वीस वर्षांच्या सनदेची राष्ट्रीय बँक स्थापन झाली. घटनेत बँकेचा उल्लेख नाही, असा जेफरसनचा आक्षेप होता. जी कामे घटनेने सरकारवर सोपवली, ती पार पाडण्याची साधने वापरण्याचा अधिकार त्यातच आला, असे उत्तर हॅमिल्टनने दिले आणि अध्यक्ष वॉशिंग्टनने त्याचे म्हणणे मानले. १७९१ संपण्याआधीच अमेरिकेचे सहा टक्के व्याजाचे रोखे दर्शनी किमतीच्याही वर विकले जाऊ लागले.

या यशाबरोबर सट्टाही आला. १७९२ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कचा बाजार कोसळला. त्या सट्ट्याचा म्होरक्या विल्यम ड्युअर हा हॅमिल्टनचा मित्र आणि त्याच्या खात्यातला माजी दुय्यम अधिकारी. हॅमिल्टनने सरकारी निधीतून रोखे विकत घेऊन बाजार सावरला, तारण घेऊन कर्जे चालू ठेवा, असे बँकांना सांगितले. मित्राच्या जुन्या हिशेबातल्या तफावतीबद्दल सरकारने लावलेला तगादा मात्र त्याने मागे घेतला नाही. ड्युअर कर्जदारांच्या तुरुंगात गेला.

९५ पानांचा कबुलीजबाब

पण या हिशेबी माणसाचे घरचे खाते कच्चे होते. १७९१ च्या उन्हाळ्यात मराया रेनॉल्ड्स नावाची तरुण स्त्री मदत मागायला आली आणि त्यातून प्रकरण सुरू झाले. तिच्या नवऱ्याला ते कळले. त्याने भांडण केले नाही, भाव ठरवला. वर्षाला साडेतीन हजार डॉलर पगार असलेल्या अर्थमंत्र्याने त्याला हजाराहून अधिक डॉलर गुपचूप चारले. पुढे तो नवरा दुसऱ्याच लबाडीत पकडला गेला आणि आपण अर्थमंत्र्याला गोत्यात आणू शकतो, असे सूचित करू लागला. डिसेंबर १७९२ मध्ये काँग्रेसचे तीन सदस्य हॅमिल्टनकडे आले. त्यांत पुढे अध्यक्ष झालेला जेम्स मन्रो होता. सरकारी पैशावर सट्टा चालतो, असा त्यांचा संशय. हॅमिल्टनने त्यांच्यापुढे सारी प्रेमपत्रे आणि पैशांच्या पावत्या ठेवल्या. पाप घरचे आहे, तिजोरीचे नाही, हे पाहून ते ओशाळून परतले.

१७९५ मध्ये त्याने पद सोडले. १७९७ मध्ये एका पत्रकाराने ते जुने कागद मिळवून छापले आणि अर्थमंत्र्याने सरकारी पैसा खाल्ला, असा आरोप जाहीरपणे केला. आता त्याच्यापुढे दोन वाटा होत्या. गप्प राहिले असते तर घर कदाचित वाचले असते, पण अमेरिकेच्या खजिन्यावर डाग राहिला असता. त्याने ९५ पानांची पुस्तिका स्वतः छापून काढली. परस्त्रीशी संबंध होता, हे तपशिलासह कबूल केले आणि सरकारचा एक पैही खाल्ला नाही, हे कागदोपत्री दाखवून दिले. ती पुस्तिका बाहेर पडली तेव्हा एलायझा नुकतीच बाळंत झाली होती.

तिजोरीची पत राखण्यासाठी त्याने स्वतःची अब्रू चव्हाट्यावर मांडली. इथवर त्याला सलाम करावा. पण चव्हाट्यावर त्याच्या अब्रूबरोबर आणखी एका व्यक्तीची अब्रू गेली, आणि तिला त्याने विचारले होते असे कुठे दिसत नाही. एलायझाने त्या विषयावर लोकांपुढे कधी चकार शब्द काढला नाही. ती त्याच्याबरोबर राहिली.

पुढे जेफरसन अध्यक्ष झाला तेव्हा त्याच्या अर्थमंत्र्याने, अल्बर्ट गॅलाटिनने, हॅमिल्टनचे घोटाळे हुडकण्यासाठी सगळी दप्तरे चाळली आणि त्यात काहीही सापडले नाही, अशी आठवण हॅमिल्टनच्या मुलाने लिहून ठेवली आहे. मुलाची साक्ष म्हणून ती थोडी सोडून देऊ. पण १८०३ मध्ये याच जेफरसनने फ्रान्सकडून लुइझियानाचा विस्तीर्ण प्रदेश दीड कोटी डॉलरला घेतला, तेव्हा त्यातले एक कोटी साडेबारा लाख डॉलर सहा टक्क्यांच्या अमेरिकन रोख्यांनी उभे राहिले. युरोपच्या पेढ्यांनी ते रोखे विश्वासाने घेतले. ज्या पतीला जेफरसनने जन्मभर विरोध केला, तिच्याच जोरावर त्याने देश दुप्पट केला.

नदीकाठची सकाळ

१८०१ च्या नोव्हेंबरात हॅमिल्टनचा थोरला मुलगा फिलिप बापाच्या अब्रूसाठी द्वंद्वयुद्धात उतरला आणि गेला. वय १९. धाकटी बहीण अँजेलिका त्या धक्क्यातून कधी सावरली नाही. तिचे मन कायमचे भरकटले. एवढे डोळ्यांसमोर घडल्यावर बापाने तरी शहाणे व्हावे की नाही?

१८०० च्या निवडणुकीत जेफरसन आणि आरन बर यांना समान, ७३-७३ मते पडली होती. हॅमिल्टनने आपले वजन विरोधक जेफरसनच्या पारड्यात टाकले. जेफरसनची मते चुकीची असतील, पण बरला मतेच नाहीत, असे त्याला वाटे. १८०४ मध्ये उपाध्यक्ष बर न्यूयॉर्कच्या गव्हर्नरपदाची निवडणूक हरला. हॅमिल्टनने आपल्याविषयी काढलेले उद्गार एका पत्रात छापून आले, म्हणून त्याने खुलासा मागितला. दोन शब्दांत मिटले असते. याच बरने सात वर्षांपूर्वी मन्रो आणि हॅमिल्टन यांच्यातले द्वंद्व मध्ये पडून टाळले होते. या वेळी मध्ये पडणारा कुणी नव्हता.

त्याआधीच्या दिवसांत हॅमिल्टनने काय केले? आपल्या मालमत्तेचा आणि कर्जाचा ताळेबंद लिहिला. जमीनजुमला कर्जापेक्षा जास्त भरत होता, पण हाती रोकड नव्हती. बँकेच्या भाषेत सांगायचे तर माणूस बुडीत नव्हता, अडकलेला होता. अशा खातेदाराला आम्ही एकच सांगत असू, मुदत मागा आणि जगा. त्याने द्वंद्वाला आपला विरोध आहे, हेही लिहिले, पहिली गोळी वाया घालवण्याचा मनोदय लिहिला आणि ११ जुलैच्या सकाळी हडसन नदी ओलांडून वीहॉकनला गेला. बरची गोळी पोटात लागली. दुसऱ्या दिवशी, १२ जुलै १८०४ रोजी, तो गेला. ज्याने जन्मभर अब्रूपेक्षा पत मोठी मानली, त्याने शेवटी अब्रूसाठी पत्नी आणि सात मुले उघड्यावर टाकली. मित्रांनी गुपचूप निधी जमवला, राहते घर घेऊन निम्म्या किमतीत एलायझाला परत दिले, म्हणून छप्पर राहिले.

एलायझा त्यानंतर ५० वर्षे जगली. १८०६ मध्ये तिने इतर स्त्रियांबरोबर न्यूयॉर्कमध्ये अनाथ मुलांसाठी आश्रम काढला आणि नव्वदी गाठेपर्यंत त्याचे काम पाहिले. मन्रो म्हातारपणी तिला भेटायला आला, मागचे विसरून जाऊ म्हणू लागला. तिने त्याला बसायलाही सांगितले नाही. क्षमा मागायची असेल तर ऐकते, एवढाच तिच्या बोलण्याचा आशय होता, अशी घराण्यातली आठवण आहे. १८५४ मध्ये ९७ व्या वर्षी ती गेली.

हॅमिल्टनच्या बँकेची सनद १८११ मध्ये संपली. सेनेटमध्ये समसमान मते पडली आणि उपाध्यक्षाच्या एका मताने नूतनीकरण फेटाळले गेले. तिच्यामागून आलेल्या दुसऱ्या बँकेची सनद वाढवायला अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सनने १८३२ मध्ये नकार दिला. अखेर १९१३ मध्ये फेडरल रिझर्व्ह उभी राहिली. म्हणजे बँक आणि सत्ताधारी यांच्यातली झटापट अमेरिकेला नवी नाही.

नवे आहे ते दुसरेच. २०११ मध्ये एका मोठ्या मूल्यांकन संस्थेने अमेरिकेचा सर्वोच्च पतदर्जा काढून घेतला, २०२३ मध्ये दुसरीने आणि मे २०२५ मध्ये तिसरीने. वाढते कर्ज आणि व्याज हे कारण आहेच. २०२५ च्या ऑक्टोबरात कर्जाने ३८ लाख कोटी डॉलरचा आकडा ओलांडला. पण पहिल्या दोन संस्थांनी राजकीय कारभाराकडेही बोट दाखवले होते. देण्याची ऐपत नाही म्हणून कुणाची पत घसरली तर समजू शकते. ऐपत असून, द्यावे की नाही यावर घरातच हमरीतुमरी चालली तर सावकार दचकतो. दोन्ही पक्षांचे पुढारी आपापली अब्रू राखण्यासाठी देशाची पत पणाला लावताना दिसतात. १७९७ साली हॅमिल्टनने याच्या नेमके उलट केले होते.

त्याने १७८४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये जी बँक उभारायला हात लावला, ती नाव-रूप बदलत आजही चालू आहे. एलायझाच्या आश्रमातून वाढलेली संस्थाही नव्या नावाने त्याच शहरात मुलांसाठी काम करते आहे. दहाच्या नोटेवर चेहरा एकाचा आहे. त्याच्या हिशेबातले न फिटलेले देणे जिने आयुष्यभर फेडले, तिचे नाव कुठल्याच नोटेवर नाही.